गुरूला शेपूट का फुटले?



२१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्या दिवशी गुरू आणि शनी हे दोन ग्रह आकाशात एकमेकांच्या इतके जवळ आले होते की, त्यांच्यातील अंतर अवघे सहा कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके उरले होते. १६२३ नंतर हे दोन ग्रह इतके जवळ प्रथमच दिसत होते. दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात गुरूचे चार चंद्र आणि शनीचे कडे! असा योग कोण सोडील?

छत्रपती संभाजीनगरमधील आमच्या घराच्या गच्चीवर मी माझी सहा इंची दुर्बीण लावली. तोंडाला मुखपट्ट्या बांधून वसाहतीतील पंधरा-सोळा मंडळी रांगेत उभी होती. सूर्य मावळल्यापासून सुमारे दोन तासांत ग्रहही मावळणार होते. मी घाईघाईने दुर्बीण रोखली, शेजारची सहावीतली मुलगी पुढे झाली, तिने नेत्रिकेला डोळा लावला आणि विचारले, "काका, गुरूला शेपूट असते का हो?"

मी पाहिले. खरोखरच गुरूच्या एका बाजूला प्रकाशाचा पिसारा पसरला होता. शनीचे कडे कुठे संपते आणि ग्रह कुठे सुरू होतो, ते कळत नव्हते. नेत्रिका पुढे-मागे करून काही उपयोग झाला नाही. मार्च महिन्यात टाळेबंदी सुरू झाली तेव्हा ही दुर्बीण मी माळ्यावर ठेवली होती. मधल्या काळात एक पावसाळा गेला, घराची रंगरंगोटी झाली, दुर्बीण दोनदा इकडून तिकडे हलवली गेली. त्या दिवशी दुपारी अर्धा तास काढून मी ती तपासली असती, तर ही वेळ आली नसती. पण तो अर्धा तास मी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण ठीक करून मी सर्वांना पुन्हा बोलावले. ग्रह थोडे दूर सरकले होते, तरी एकाच क्षेत्रात सुरेख दिसत होते. मात्र आदल्या दिवशीच्या पंधरा-सोळा जणांपैकी सातच जण आले. उरलेल्यांच्या मनात 'दुर्बिणीतून काही विशेष दिसत नाही' एवढेच राहिले असणार. दोष ना ग्रहांचा होता, ना आरशांचा. दोष होता तो आरशांच्या जुळणीचा. ती जुळणी कशी करायची आणि आरशांची निगा कशी राखायची, ते आज पाहू.

दुर्बिणीच्या पोटात

हौशी निरीक्षकांकडे बहुधा न्यूटनच्या पद्धतीची परावर्ती दुर्बीण असते. अशी पहिली दुर्बीण न्यूटनने १६६८ च्या सुमारास बनवली. तिची रचना अगदी साधी आहे. नळीच्या तळाशी एक अंतर्वक्र आरसा असतो. हा मुख्य आरसा. ताऱ्याकडून आलेले किरण त्यावरून परावर्तित होऊन नाभीकडे निघतात. ते तेथे पोचण्यापूर्वी वाटेत ४५ अंशांत कललेला एक लहान सपाट आरसा त्यांना काटकोनात वळवतो आणि नळीच्या बाजूला काढून देतो. तेथे तयार झालेली प्रतिमा आपण नेत्रिकेने मोठी करून पाहतो. माझ्या दुर्बिणीच्या मुख्य आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आणि नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे. १२०० ला १५० ने भागले की ८ येतात, म्हणून ही एफ/८ दुर्बीण झाली.

मुख्य आरसा गोलाचा तुकडा नसून अन्वस्ताच्या आकाराचा घासलेला असतो. अशा आरशाचा मोठा गुण म्हणजे, त्याच्या मुख्य अक्षाला समांतर येणारे सर्व किरण तो एकाच बिंदूत आणतो. पण या गुणाला एक अट आहे. किरण अक्षाला समांतर हवेत. ते तिरपे आले, तर आरशाच्या मधल्या भागाने केलेली प्रतिमा एकीकडे आणि कडेच्या भागाने केलेली प्रतिमा जरा सरकून व पसरून दुसरीकडे पडते. या सर्व प्रतिमा एकावर एक पडल्या की, ताऱ्याचा बिंदू न राहता एका बाजूला निमुळते डोके आणि दुसऱ्या बाजूला पसरट शेपूट असा आकार तयार होतो. धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या या दोषाला 'कोमा' म्हणतात. आमच्या गुरूला फुटलेले शेपूट ते हेच!

म्हणजे आपण नेत्रिकेतून जेथे पाहतो, तेथूनच मुख्य आरशाचा अक्ष गेला पाहिजे. आरशांची जुळणी म्हणजे एवढेच. प्रतिमा जवळजवळ निर्दोष असते ती अक्षाभोवतीच्या लहानशा वर्तुळात. एफ/८ आरशासाठी हे वर्तुळ सुमारे ११ मिलिमीटर व्यासाचे असते. हा व्यास एफच्या आकड्याच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून एफ/४ दुर्बिणीत तो आठपट लहान, म्हणजे जेमतेम १.४ मिलिमीटर उरतो. आखूड आणि सुटसुटीत दुर्बीण विकत घेणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा. ती उचलायला सोपी असते, पण जुळवायला अवघड.

पाव फेऱ्याचा हिशेब

मुख्य आरशाच्या मागे तीन स्क्रू असतात. ते फिरवले की आरसा किंचित कलतो. किती कलतो, ते पाहू. समजा, स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्यात तो ०.८ मिलिमीटर पुढे जातो. पाव फेऱ्यात तो ०.२ मिलिमीटर जाईल. तिन्ही स्क्रू आरशाच्या मध्यापासून ६० मिलिमीटरवर असतील, तर एक स्क्रू फिरवताना आरसा उरलेल्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेभोवती कलतो आणि ती रेषा फिरवलेल्या स्क्रूपासून ९० मिलिमीटर दूर असते. कागदावर समभुज त्रिकोण काढून हे पडताळून पाहा. म्हणजे आरसा ९० ला ०.२, अर्थात ४५० ला १ या प्रमाणात कलला. १२०० मिलिमीटर दूर असलेल्या नाभीपाशी त्याचा अक्ष १२०० भागिले ४५०, म्हणजे सुमारे २.७ मिलिमीटर सरकेल.

गंमत पुढेच आहे. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट कोनात परावर्तित किरण वळतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. त्यामुळे ताऱ्याची प्रतिमा २.७ नव्हे, तर ५.३ मिलिमीटर सरकते. १० मिलिमीटरची नेत्रिका लावली असेल, तर मध्यावर असलेला तारा नुसत्या पाव फेऱ्यात दिसेनासा होतो. अर्धा फेरा चुकला, तर अक्ष ५.३ मिलिमीटर सरकून आपण त्या ११ मिलिमीटरच्या निर्दोष वर्तुळाच्या काठाशी येऊन पोचतो. दुर्बीण जीपमधून खडबडीत रस्त्याने नेली, तर स्क्रू एवढे सहज ढिले होतात. म्हणून प्रत्येक प्रवासानंतर जुळणी तपासायचीच.

दिवसाउजेडी करायची जुळणी

हे काम दिवसा, सावलीत करावे. नळी आडवी ठेवावी. उभ्या नळीत वरच्या आरशाचा स्क्रू फिरवताना पेचकस हातातून सुटला, तर तो थेट मुख्य आरशावर पडेल!

साहित्य फारसे लागत नाही. नेत्रिकेच्या नळीवर घट्ट बसणारे प्लास्टिकचे झाकण घ्या आणि त्याच्या बरोबर मध्यावर दोन मिलिमीटरचे छिद्र पाडा. या छिद्रातून पाहिले की आपला डोळा आपोआप नळीच्या मध्यावर राहतो. मुख्य आरशाच्या मध्यावर एक लहान खूण हवी. पुष्कळ दुर्बिणींत ती असतेच. नसेल, तर आरसा धुण्यासाठी बाहेर काढाल तेव्हा, फायलीच्या कागदांच्या भोकांना चिकटवतात तसले कागदी वर्तुळ मध्यावर लावा. मध्य काढण्यासाठी आरशाच्या मापाचा कागद कापून त्याच्या दोन घड्या घाला. खुणेमुळे आरसा बिघडेल ही भीती नको. त्याचा मधला भाग सपाट आरशाच्या सावलीत असतो, तो तसाही उपयोगात येत नाही.

आता तीन पायऱ्या, याच क्रमाने.

पहिली पायरी : छिद्रातून पाहा आणि फक्त सपाट आरशाच्या कडेकडे लक्ष द्या. हा आरसा लंबवर्तुळाकार असला, तरी ४५ अंशांत कलल्यामुळे आपल्याला वर्तुळाकार दिसायला हवा आणि तो नेत्रिकेच्या नळीच्या मध्यावर हवा. तसा नसेल, तर त्याच्या मागचा मधला स्क्रू फिरवून तो पुढे-मागे सरकवा किंवा आरसा हलकेच वळवा.

दुसरी पायरी : सपाट आरशात मुख्य आरशाचे प्रतिबिंब दिसते. मुख्य आरशाला धरून ठेवणाऱ्या तिन्ही क्लिपा त्यात सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी लपली असेल, तर सपाट आरशाच्या मागचे तीन लहान स्क्रू किंचित फिरवून मुख्य आरशाची खूण मध्यावर आणा. एक स्क्रू आवळायचा असेल, तर आधी दुसरा सैल करा. जोर लावू नका.

तिसरी पायरी : आता त्या प्रतिबिंबाच्या आत तुमच्याच छिद्राचे प्रतिबिंब एका ठिपक्यासारखे दिसेल. मुख्य आरशामागचे स्क्रू फिरवून हा ठिपका खुणेच्या वर्तुळात आणून बसवा. येथे जोडीदार हवा. एकाने छिद्रातून पाहावे आणि दुसऱ्याने सांगितल्याप्रमाणे स्क्रू फिरवावा. ठिपका वर्तुळात बसला की जुळणी झाली. आवळणारे वेगळे स्क्रू असतील, तर ते हळूच आवळून पुन्हा एकदा पाहा, कारण आवळताना ठिपका निसटतो.

एफ/५ किंवा त्याहून आखूड दुर्बिणीत सपाट आरशाची काळी सावली मुख्य आरशाच्या दिशेला थोडी सरकलेली दिसते. ते तसेच असायचे. खूण आणि ठिपका एकत्र असले की पुरे.

रात्रीची परीक्षा

दिवसाची जुळणी बरोबर झाली की नाही, ते ताऱ्यालाच विचारायचे. त्याआधी दुर्बीण तास-पाऊण तास उघड्यावर ठेवा. आमच्याकडे डिसेंबरात दुपार आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. घरातून आणलेली जाड काच हळूहळू निवते आणि तोपर्यंत तिच्यावर गरम हवेचा थर थरथरत राहतो. तापलेल्या रस्त्यावरून पलीकडचे झाड जसे हलताना दिसते, तसाच ताराही हलतो. हा दोष जुळणीचा नाही. घाई करून स्क्रू फिरवू नका.

परीक्षेसाठी ध्रुवतारा उत्तम. संभाजीनगरचा अक्षांश सुमारे २० अंश, म्हणून येथून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर सुमारे २० अंशांवर दिसतो. तो फार तेजस्वी नाही आणि जरा खालीही आहे, पण जागचा हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. दुसरा एखादा तारा १२० पट मोठे करून पाहिला, तर पृथ्वीच्या भ्रमणामुळे तो मिनिटभरात क्षेत्राबाहेर निघून जाईल.

१० मिलिमीटरची नेत्रिका लावा, तारा बरोबर मध्यावर आणा आणि नेत्रिका किंचित आत-बाहेर करून तारा मुद्दाम अस्पष्ट करा. तो फुगून एक तबकडी होईल. तिच्यात एकाभोवती एक अशी प्रकाशाची कडी आणि मध्ये सपाट आरशाची काळी सावली दिसेल. कडी समकेंद्री असतील, तर तुम्ही उत्तीर्ण! सावली एका बाजूला गेली असेल, तर मुख्य आरशाचा एक स्क्रू अष्टमांश फेरा फिरवा. तारा सरकेल. दुर्बीण हलवून त्याला पुन्हा मध्यावर आणा आणि मगच निर्णय करा, कारण क्षेत्राच्या कडेला निर्दोष दुर्बिणीतही कोमा असतोच. सुधारणा झाली असेल तर त्याच दिशेने पुढे जा, बिघडले असेल तर उलट फिरवा.

शोधक दुर्बीणही दिवसाच जुळवून ठेवावी. मी गच्चीवरून बीबी का मकबऱ्याच्या मिनाराचे टोक मोठ्या दुर्बिणीच्या मध्यावर आणतो आणि मग शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर बसवतो. तुमच्या गावात देवळाचा कळस किंवा पाण्याच्या टाकीचे टोक चालेल. मात्र हे करताना दुर्बीण किंवा शोधक चुकूनही सूर्याच्या बाजूला वळता कामा नये. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो.

पुसू नका!

आरशावर धूळ दिसली की आपला हात रुमालाकडे जातो. तो आवरा. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर सुमारे ०.०००१ मिलिमीटर जाडीचा असतो. आपल्या केसाच्या जाडीच्या काही शतांशांहूनही तो पातळ आहे. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे त्या थरावर पॉलिशकागद फिरवणेच होय. विद्यार्थिदशेत मी एका आरशाची अशी 'स्वच्छता' केली आहे. त्या रेघा कधीच गेल्या नाहीत.

उलट, धुळीने आरशाचा शंभरावा भाग झाकला, तर प्रकाश साधारण तेवढाच कमी होतो. डोळ्याला ते कळतसुद्धा नाही. म्हणून सुटी धूळ रबरी फुग्याच्या पंपाने उडवावी, तोंडाने फुंकू नये. आरसा धुवायचा तो फार मळल्यावरच, वर्षा-दोन वर्षांतून एकदा.

धुताना हातातील अंगठ्या आणि बांगड्या काढाव्यात. आरसा बैठकीत कसा बसला होता, त्याची खूण करून ठेवावी. घमेल्यात जाड टॉवेल अंथरून त्यावर आरसा ठेवावा आणि कोमट पाण्याची संथ धार सोडून कण वाहून जाऊ द्यावेत. मग पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून औषधी कापसाचा ओला बोळा मध्यापासून कडेकडे नुसता ओढावा. दाब फक्त कापसाच्या वजनाचा. एक बोळा एकदाच वापरावा. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन आरसा उभा करून वाळवावा. मराठवाड्यात विंधन विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी दुष्फेन असते. ते आरशावर वाळले, तर क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. त्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी. आरसा परत बसवल्यावर क्लिपा अगदी हलक्या लावाव्यात. त्या आवळल्या, तर काच ताणली जाऊन प्रतिमा बिघडते.

नेत्रिकेचा शत्रू वेगळा. पापण्यांचा तेलकटपणा आणि लहान मुलांच्या डोळ्यांतील काजळ! आधी धूळ उडवावी. मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेतलेल्या कापसाच्या काडीने भिंग हलकेच पुसावे. नेत्रिका खोलू नये. आतील भिंगे उलटसुलट बसली, तर पंचाईत होते.

पावसाळ्यात बुरशीपासून सावध राहा. दमट, अंधाऱ्या, बंद जागी ती भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्यातून स्रवणारी आम्ले थर खातात. नेत्रिका हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. रात्रीच्या निरीक्षणानंतर आरशावर दव असेल, तर लगेच झाकण लावू नका. घरात नळी आडवी ठेवून ते वाळू द्या. वाळल्यावर मात्र झाकण विसरू नका, नाहीतर कुंभारमाशी नळीत मातीचे घर बांधील!

मोठ्यांनाही चुकत नाही

पूर्वी हे काम आणखी कष्टाचे होते. न्यूटनचा आरसा तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा होता. तो काळवंडला की पुन्हा घासावा लागे. एकोणिसाव्या शतकात काचेवर चांदीचा मुलामा देण्याची रीत निघाली. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत वापरलेली २० इंची दुर्बीण अशाच आरशाची होती. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पण चांदीही काळी पडते. म्हणून आज ॲल्युमिनियम वापरतात.

आणि जुळणी? २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा १८ षट्कोनी तुकड्यांचा आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत तिने एका ताऱ्याचे पहिले चित्र पाठवले, तेव्हा त्यात एकाच ताऱ्याचे १८ ठिपके होते! प्रत्येक तुकडा जरा जरा हलवून शास्त्रज्ञांनी पुढील काही आठवड्यांत त्यांचा एक बिंदू केला. तुम्ही छिद्रातून पाहत ठिपका वर्तुळात आणता, तेच काम पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर चालले होते.

मात्र जुळणीने सर्वच सुटत नाही. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा कडेला सुमारे दोन हजारांश मिलिमीटरने जास्त सपाट घासला गेला होता. तेथे स्क्रू फिरवून भागणारे नव्हते. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दोष भरून काढणारी प्रकाशीय साधने बसवली, तेव्हा प्रतिमा स्पष्ट झाल्या. म्हणून तुमच्या दुर्बिणीतून अस्पष्ट दिसले, तर 'आरसाच वाईट' असा निकाल लगेच देऊ नका. आधी जुळणी, मग हवा, मग आरसा, या क्रमाने शोध घ्या. बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर चोर सापडतो.

गुरू-शनी युती २०४० मध्ये पुन्हा होईल, पण त्या वेळी दोघांत एक अंशाहून अधिक अंतर असेल. २०२० इतके जवळ ते येतील १५ मार्च २०८० रोजी. तेव्हा मी नसेन. तुमच्यापैकी बरेच जण आजोबा-आजी झालेले असतील आणि कोणीतरी नातवंड रांगेत पुढे येऊन नेत्रिकेला डोळा लावील.

त्या दिवशी दुपारी अर्धा तास जरूर काढा.